‘की’ म्हणजे ‘दॅट’च का? इंग्रजी क्रियापदांनंतर वाक्य जोडायला कसं शिकवायचं?

कोयनाकाठ
नमस्कार मंडळी. कराडला माझ्या घरी रोज संध्याकाळी साडेसहाला अकरा मुली इंग्रजी शिकायला येतात. सगळ्या मराठी माध्यमातल्या, दहावी-बारावी झालेल्या. एक कापडदुकानात हिशेब बघते, एक नर्सिंगला आहे, दोघी स्पर्धा परीक्षेची तयारी करताहेत. शब्द त्यांच्याकडे पुष्कळ आहेत. साधं वाक्य बिनचूक लिहितात. घोडं अडतं ते एका वाक्याला दुसरं जोडताना.

गेल्या आठवड्यात फळ्यावर दहा मराठी वाक्यं लिहिली आणि इंग्रजी करायला सांगितली. त्यातली काही उत्तरं अशी आली:

‘आय वॉन्ट दॅट यू कम.’
‘ही टोल्ड दॅट आय ॲम इल.’ (आजारी तो होता, लिहिणारी मुलगी ठणठणीत आहे.)
‘शी आस्क्ड मी दॅट व्हेअर डू आय लिव्ह.’
‘ऑलदो इट वॉज रेनिंग बट वी वेन्ट.’
‘अनटिल यू डोन्ट कम, आय विल नॉट ईट.’

यातल्या प्रत्येक वाक्याच्या पाठीमागे एक शुद्ध, नेटकं मराठी वाक्य उभं आहे. मुलींनी आळस केलेला नाही. उलट शाळेत सांगितलेलं ‘की म्हणजे दॅट’ त्यांनी इमानदारीनं पाळलंय. म्हणून त्यांना ‘चूक’ म्हणून लाल रेघ मारायला माझा हात धजत नाही.

माझा प्रश्न असा: कुठल्या क्रियापदानंतर ‘दॅट’ घालायचा आणि कुठल्यानंतर ‘टू’, हे ओळखायची मराठी माणसाला धरता येईल अशी काही खूण आहे का? की एकेक क्रियापद पाठ करण्याला पर्याय नाही? तुम्ही स्वतः हे कसं शिकलात तेही सांगा.

आंबोळी
‘आय वॉन्ट दॅट’ मी बीकॉम होईपर्यंत लिहीत होते आणि कोणीही टोकलं नाही. धागा वाचत राहणार.

निवृत्त_फळा
ताई, एकतीस वर्षं माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवलं. आमच्या वेळी मुलांचं इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं, २००० साली ते पहिलीत आलं. पण तुम्ही दिलेली पाच वाक्यं पाचवीवाल्यांनीही लिहिली आणि पहिलीवाल्यांनीही. त्यामुळे वर्षं वाढवून हे सुटत नाही असं माझं मत झालंय.

मी क्रियापदांची घरं करायचो. एक घर ‘वॉन्ट’चं: या घरात ‘दॅट’ला प्रवेशच नाही, ‘आय वॉन्ट यू टू कम’. दुसरं घर ‘से’, ‘थिंक’, ‘नो’, ‘होप’, ‘बिलीव्ह’ यांचं: इथे ‘दॅट’ लगेच येतो, मध्ये माणूस लागत नाही. तिसरं घर ‘टेल’, ‘इन्फॉर्म’, ‘रिमाइंड’, ‘ॲश्युअर’, ‘कन्व्हिन्स’ यांचं: इथे आधी माणूस, मग ‘दॅट’. ‘ही टोल्ड मी दॅट’, ‘शी रिमाइंडेड अस दॅट’. चौथं घर ‘एक्स्प्लेन’ आणि ‘सजेस्ट’चं: माणूस आणायचा तर ‘टू’चा हात धरूनच आणायचा. ‘ही एक्स्प्लेन्ड टू मी दॅट’. ‘एक्स्प्लेन्ड मी’ चालत नाही.

आपल्याकडे ‘सांगणे’ आणि ‘म्हणणे’ या दोघांनाही माणूस ऐच्छिक आहे. ‘त्याने सांगितलं की गाडी चुकली’ हे पूर्ण वाक्य आहे, कोणाला सांगितलं ते नाही सांगितलं तरी कोणाचं अडत नाही. इंग्रजीत ‘टोल्ड’ म्हटलं की ऐकणारा वाट बघतो, कोणाला? मुलांना मी म्हणायचो, ‘टेल’ला पाटावर बसवलंत की समोर ताट वाढा.

रात्रपाळी
निवृत्त_फळा सर, आदर ठेवून असहमत. नऊ वर्षं फोनवर परदेशी ग्राहकांशी बोलतोय. ‘ही टोल्ड दॅट’ ऐकून कोणी फोन ठेवलेला नाही. भारतात कोट्यवधी लोक असं बोलतात, मग ते भारतीय इंग्रजी का मानू नये? मुलींना आधी बोलू द्या. घरं, ताटं, पाट या गडबडीत त्या गप्प बसतील. मी स्वतः एका सरांच्या लाल शाईमुळे चार वर्षं तोंड उघडलं नव्हतं.

टूलरूम
रात्रपाळी, ‘टोल्ड दॅट’पुरतं तुझं खरं आहे, अर्थ पोचतो. पण काही ठिकाणी अर्थच उलटा होतो. चाकणच्या एका कारखान्यात होतो तेव्हाची गोष्ट. मशीनचं एक बेअरिंग आवाज करत होतं. आमच्या एका सहकाऱ्यानं परदेशातल्या पुरवठादाराला मेल लिहिली, ‘वुई डाउट दॅट द बेअरिंग इज डॅमेज्ड.’ त्याच्या मनात होतं, बेअरिंग खराब झालंय अशी शंका आहे. समोरच्यानं वाचलं, बेअरिंग खराब झालं असेल असं आम्हाला वाटत नाही. त्यानं निवांतपणे दुसऱ्या गोष्टी तपासायला सांगितल्या. तीन दिवस गेले.

आपली ‘शंका’ दोन्हीकडे चालते. ‘चोरी त्यानेच केली अशी शंका आहे’ आणि ‘तो येईल की नाही शंका आहे’. इंग्रजीत पहिल्यासाठी ‘सस्पेक्ट’, दुसऱ्यासाठी ‘डाउट’. पुढचं ‘दॅट’ दोन्हीकडे तेच, पण मागचं क्रियापद बदललं की पुढच्या वाक्याचा हो-नाही बदलतो. हे दोन शब्द मी हाताखालच्या प्रत्येक नव्या पोराला पहिल्या आठवड्यात सांगतो.

रात्रपाळी
हे मात्र पटलं. ‘डाउट’ मी पण तसाच वापरतो. उद्यापासून बंद.

कोयनाकाठ
टूलरूमदादा, हे उदाहरण वहीत उतरवून घेतलं. आणि रात्रपाळी, तुमचं म्हणणं मनाला लागलं. मुली गप्प होऊ नयेत म्हणूनच विचारतेय. नियम कमी आणि खूण एखादीच असावी, असं काही.

दोन_पिल्लांची_आई
आमच्या घरात गंगा उलटी वाहते. मुलं इंग्रजी माध्यमात आहेत. मोठी मला सांगते, “आई, टीचर बोलली की ती उद्या येणार नाही.” मी विचारते, कोण येणार नाही? तर टीचरच. मी लहानपणी म्हणाले असते, “बाई म्हणाल्या, मी उद्या येणार नाही.” आणि ऐकणाऱ्याला ‘मी’ म्हणजे बाई हे बरोबर कळलं असतं.

अर्धमात्रा
आई, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. कोयनाकाठताईंचं दुसरं वाक्य इथूनच आलंय. मराठीत ‘की’नंतर आपण बहुतेक वेळा बोलणाऱ्याचेच शब्द जसेच्या तसे ठेवतो. ‘तो म्हणाला की मी आजारी आहे.’ ‘मी’ त्याचा, ‘आहे’ही त्याचाच, त्या क्षणाचा. ‘की’ हे नुसतं दार आहे, आत बोलणारा स्वतः बसलेला असतो. इंग्रजीत ‘दॅट’ म्हटलं की त्या माणसाला बाहेर यावं लागतं आणि आत सांगणारा जाऊन बसतो. मग ‘आय’चा ‘ही’ होतो, ‘ॲम’चा ‘वॉज’ होतो. ‘ही सेड दॅट ही वॉज इल.’

परीक्षेत ‘डायरेक्टचं इनडायरेक्ट करा’ म्हणून पाच-सहा वाक्यं यायची. आम्ही ‘टुडे’चं ‘दॅट डे’, ‘टुमॉरो’चं ‘द नेक्स्ट डे’ असं कोष्टक घोकलं. पण हे सगळं का करायचं ते कोणी सांगितलं नव्हतं. सांगणारा बदलला म्हणून त्याचं ‘आज’ बदललं, त्याचं ‘इथे’ बदललं, एवढंच आहे ते. हे एकदा कळलं की कोष्टक लागत नाही.

आणि प्रश्न असेल तर ‘दॅट’ची गरजच नसते. ‘तिने विचारलं की तू कुठे राहतेस’ यातला ‘की’ इंग्रजीत गळतो, कारण ‘व्हेअर’ स्वतःच जोडायचं काम करतो. वर वाक्य सरळ होतं, ‘शी आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ह्ड’. ‘डू’ निघून जातो. ‘येईल की नाही’ असेल तर ‘व्हेदर’ किंवा ‘इफ’, आणि त्याच्या आधी ‘दॅट’ नाही. ‘आय डोन्ट नो दॅट व्हेदर’ हे मी मोठमोठ्या अधिकाऱ्यांच्या पत्रांत पाहिलंय.

बेळगावकर
‘की’वर एवढं बोलणं चाललंय तर आमच्या ‘म्हणून’ची दखल घ्या की! आमच्याकडे म्हातारी माणसं ‘तो म्हणाला की येतो’ असं क्वचितच म्हणतात. ‘येतो म्हणून सांगून गेला.’ शेजारी कानडीत हेच ‘बर्तीनि अंत हेळिदा’. ‘अंत’ हा ‘अन्नु’ म्हणजे म्हणणे या क्रियापदातनं आलेला, आणि आपला ‘म्हणून’ पण म्हणण्यातनंच. दोन भाषा एका अंगणात वाढल्यावर असं होतंय.

गोंयकार
कोंकणीतही तेच, बेळगावकर. ‘तो येतलो म्हण ताणें सांगलें.’ आधी काय सांगितलं ते, मग ‘म्हण’, मग सांगणं. माझ्या आजीच्या तोंडी ‘की’ कधी ऐकला नाही.

बखरवाचक
हा ‘की’ फारसीतून आला असं मानतात. (‘चहा की कॉफी’मधला ‘की’ वेगळा.) जुन्या मराठी पत्रांत याच जागी ‘जे’ दिसतो. पेशवेकालीन कागद उघडला की ‘विज्ञापना ऐसीजे’ किंवा ‘विनंती ऐसीजे’ अशी सुरुवात असते. म्हणजे विनंती अशी आहे, की... आणि मग मजकूर. ‘ऐसी’ आधी येऊन पुढच्या वाक्यासाठी जागा धरून ठेवते.

गंमत म्हणजे इंग्रजी ‘दॅट’सुद्धा मुळात ‘ते’ दाखवणारं सर्वनामच. ‘मला ते ठाऊक आहे: ती आली.’ या ‘ते’चं हळूहळू उभयान्वयी अव्यय झालं. आपलं ‘असं’ही त्याच वाटेवर आहे. ‘ती आली असं मला कळलं.’ फरक एवढाच की इंग्रजीत दाखवणारा शब्द वाक्याच्या आधी उभा राहतो, आपल्याकडे बहुतेकदा वाक्य झाल्यावर.

एकटी_तोक्योत
बखरवाचक, तुमच्या ‘असं’चा सख्खा भाऊ इथे भेटतो. जपानीत ‘कुरु तो ओमोइमास्’ म्हणजे ‘येईल असं वाटतं’. ‘कुरु’ येणे, ‘तो’ म्हणजे असं, ‘ओमोइमास्’ वाटतं. शब्दाला शब्द, क्रमसुद्धा तोच. वर्गातल्या युरोपियन मुली या ‘तो’पाशी डोकं धरून बसायच्या आणि मी मराठीच्या जोरावर पुढे निघून जायचे. इंग्रजी शिकताना जी मराठी आड आली, तीच जपानी शिकताना कडेवर घेऊन चालली.

म्युनिकची_माई
जर्मनवाल्यांचीही हजेरी लावते. ‘इश ग्लाउबं, दास एर कोम्ट’ म्हणजे ‘मला वाटतं की तो येईल’. इथे ‘दास’ आला की क्रियापद वाक्याच्या शेवटी जातं, अगदी आपल्यासारखं. आणि ‘दास’च्या आधी स्वल्पविराम द्यावाच लागतो. इंग्रजीत ‘दॅट’च्या आधीही नाही आणि नंतरही नाही. आपण शाळेत ‘तो म्हणाला की,’ असा ‘की’नंतर स्वल्पविराम देत होतो, तो इंग्रजीतही सोबत गेला. कोयनाकाठताई, मुलींच्या वह्या बघा, ‘दॅट’पुढे स्वल्पविराम सापडतीलच.

कोयनाकाठ
आत्ता उठून बघितल्या. अकरापैकी सात वह्यांत आहेत!

आंबोळी
धागा जपान-जर्मनी करून आला, पण ‘वॉन्ट’चं उत्तर अजून मिळालं नाहीये हो.

जोडगोळी
त्याआधी ताईंची शेवटची दोन वाक्यं राहू नयेत. मराठीला जोड्या आवडतात. जर-तर, जरी-तरी, जेव्हा-तेव्हा, जोपर्यंत-तोपर्यंत, ज्याअर्थी-त्याअर्थी. एक पाय इकडच्या वाक्यात, एक तिकडच्या. इंग्रजी बहुतेकदा एकाच पायावर उभी राहते. ‘ऑलदो’ आला की ‘बट’ नको, ‘बिकॉज’ आला की ‘सो’ नको. ‘इफ’नंतर ‘देन’ चालतो, तेवढीच सवलत.

मी मुलांना दोन्ही हातात एकेक खडू देतो. ‘जरी’ म्हणताना डावा वर, ‘तरी’ म्हणताना उजवा वर. मग इंग्रजी वाक्य म्हणायचं आणि एक खडू टेबलावर ठेवून द्यायचा. कोणता ठेवायचा ते तुम्ही ठरवा. ‘ऑलदो इट वॉज रेनिंग, वी वेन्ट.’ किंवा ‘इट वॉज रेनिंग, बट वी वेन्ट.’ दोन्ही बरोबर. आठवीची मुलंसुद्धा यात चुकत नाहीत.

‘अनटिल’ची गोष्ट वेगळी. ‘जोपर्यंत तू येत नाहीस तोपर्यंत मी जेवणार नाही.’ यातलं पहिलं ‘नाही’ मराठीला हवंच. इंग्रजीत ते ‘अनटिल’च्या पोटात आहे, म्हणून ‘अनटिल यू कम’. ‘अनलेस’चंही तसंच, आणि तिथे घोळ मोठा होतो. एका क्लासच्या पाटीवर मी वाचलं होतं, फी भरली नाही तर बसू देणार नाही अशा अर्थानं: ‘अनलेस यू डू नॉट पे, यू कॅनॉट सिट.’ अक्षरशः घेतलं तर फी न भरणाऱ्यालाच बसायला जागा मिळेल. मुलं ती पाटी बघून आठवडाभर हसत होती, आणि ‘अनलेस’ मात्र सगळ्यांच्या कायमचा लक्षात राहिला.

अजून एक. ‘तो येईल तेव्हा सांगेन’ याचं ‘व्हेन ही विल कम’ होतं. इंग्रजीत ‘व्हेन’, ‘इफ’, ‘अनटिल’, ‘बिफोर’ यांच्यानंतर भविष्यकाळातली गोष्टही वर्तमानकाळात सांगतात: ‘व्हेन ही कम्स, आय विल टेल हिम’.

नदीपलीकडे
आंबोळी, ‘वॉन्ट’चं उत्तर माझ्या परीनं देऊन बघतो. मी व्याकरणाचा अभ्यासक नाही, भाषांतराचं काम करतो. न्यायालयीन कागद, औषधांची माहितीपत्रकं असलं रोज मराठीचं इंग्रजी करताना एक गोष्ट लक्षात आली. आपण सगळे ‘की’कडे बघतोय. खूण ‘की’त नाहीच. ती ‘की’नंतरच्या क्रियापदात आहे.

ही दोन वाक्यं शेजारी ठेवा:

मला वाटतं तू येशील.
मला वाटतं तू यावंस.

‘मला वाटतं’ तेच. पण पहिल्यात मी अंदाज सांगतोय, दुसऱ्यात इच्छा. मराठी हा फरक ‘येशील’ आणि ‘यावंस’ यांत दाखवते. इंग्रजीत तो दाखवायला अख्खी बांधणी बदलते: ‘आय थिंक दॅट यू विल कम’, ‘आय वॉन्ट यू टू कम’.

आता ‘सांगणे’ घ्या.

तो गेला असं तिने मला सांगितलं. ‘शी टोल्ड मी दॅट ही हॅड गॉन.’
त्याने जावं असं तिने सांगितलं. ‘शी टोल्ड हिम टू गो.’

एकच ‘टेल’, पण एकदा ‘दॅट’ आणि एकदा ‘टू’. मुलींना ‘टेल’ पाठ करायला लावून हे सुटणार नाही, कारण ‘टेल’ दोन्हीकडे जातो. सुटेल ते मराठी वाक्य बघून. आत ‘गेला, आहे, येईल’ असं घडलेलं किंवा घडणारं क्रियापद असेल तर ‘दॅट’. आत ‘जावं, यावं, करावं’ असेल, म्हणजे आपला विध्यर्थ, तर ‘दॅट’वर हात ठेवण्याआधी थांबायचं आणि ‘टू’ चालतो का बघायचं.

‘म्हणून’चंही असंच आहे, बेळगावकर. पाऊस आला म्हणून: ‘बिकॉज’. पाऊस यावा म्हणून: ‘सो दॅट’. पाऊस येतो म्हणून सांगितलं: ‘दॅट’. इंग्रजीचे तीन वेगवेगळे शब्द, आपलं ‘म्हणून’ एकटं सगळीकडे पुरतं. कारण खरं काम ‘आला’ आणि ‘यावा’ करताहेत.

निवृत्त_फळा
नदीपलीकडे, हे वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. एकतीस वर्षं मी इंग्रजी क्रियापदांची घरं बांधत राहिलो आणि मुलांच्या तोंडात आधीपासून असलेल्या ‘यावं’ला कधी विचारलंच नाही. मुलाला विध्यर्थ शिकवावा लागत नाही, तो घेऊनच येतो.

तरी एक हरकत नोंदवतो. ‘सजेस्ट’चं काय? ‘डॉक्टरांनी सुचवलं की तिने विश्रांती घ्यावी.’ आत ‘घ्यावी’ आहे, तुमच्या खुणेप्रमाणे ‘टू’ हवा. पण ‘सजेस्टेड हर टू टेक रेस्ट’ चूक आहे. तिथे ‘दॅट’च येतो.

नदीपलीकडे
सर, बरोबर पकडलंत. ‘सजेस्ट’, ‘इन्सिस्ट’, ‘डिमांड’, ‘रेकमेंड’, ‘प्रपोज’ अशी थोडी क्रियापदं ‘यावं’ असूनही ‘दॅट’ घेतात. पण त्या ‘दॅट’नंतरचं क्रियापद बघा. ‘द डॉक्टर सजेस्टेड दॅट शी टेक रेस्ट.’ ‘टेक्स’ नाही, ‘टुक’ही नाही, उघडं ‘टेक’. ब्रिटिश वळणाचे लोक ‘शी शुड टेक’ म्हणतात. म्हणजे इथेही इंग्रजीला नेहमीचा काळ नकोसा झालाय. ‘घ्यावी’ची सावली पडलीच आहे, ‘टू’च्या रूपात नाही इतकंच. म्हणून मी म्हणालो, ‘यावं’ दिसलं की थांबायचं. थांबल्यावर बहुतेकदा ‘टू’ निघतो, या पाच-सहांपाशी उघडं क्रियापद निघतं.

रात्रपाळी
‘थांबायचं’ हे आवडलं. चूक झाल्यावर लाल शाई खाण्यापेक्षा बोलण्याआधी क्षणभर थांबणं बरं.

शब्दकोशवेडा
यात एक जोड देतो. ज्याला खात्री नाही त्याने विद्यार्थ्यांसाठीचा इंग्रजी शब्दकोश उघडावा आणि अर्थाच्या शेजारी बारीक अक्षरात छापलेलं वाचावं. तिथे ‘दॅट’, ‘टू डू समथिंग’, ‘समबडी दॅट’ असं काहीबाही असतं. बहुतेकांची नजर त्यावरून घसरते. ती सोय आपल्यासारख्या परभाषकांसाठीच केलेली आहे. ए. एस. हॉर्नबी नावाचे इंग्रज शिक्षक जपानात शिकवत होते. तिथल्या विद्यार्थ्यांना शब्दाचा अर्थ कळायचा, पण वाक्यात तो कसा बसवायचा हे कळायचं नाही. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर केलेला कोश १९४२ मध्ये तोक्योत निघाला, १९४८ मध्ये तोच ऑक्सफर्डने छापला. क्रियापदांचे त्यांनी २५ साचे लावले होते. ‘वॉन्ट’चा साचा वेगळा, ‘होप’चा वेगळा. म्हणजे कराडच्या अकरा मुलींची अडचण ऐंशीएक वर्षांपूर्वी जपानी मुलांनाही होती.

एकटी_तोक्योत
आणि मी त्यांच्या गावात बसून हा धागा वाचतेय!

अर्धमात्रा
‘दॅट’ गाळण्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून दोन ओळी. ‘थिंक’, ‘से’, ‘नो’, ‘होप’ यांच्यानंतर बोलताना तो सर्रास गळतो, ‘आय थिंक ही इज राइट’. मुलींना हे सांगा, नाहीतर सिनेमा बघताना ‘दॅट कुठे गेला’ म्हणून शोधत बसतील. पण वाक्याच्या आरंभी आला तर गाळता येत नाही: ‘दॅट ही केम लेट इज ट्रू’. आणि मधे काळवेळ असेल तर ठेवलेला बरा. ‘ही सेड यस्टरडे दॅट ही हॅड पेड’ यात बोलणं कालचं, ‘ही सेड दॅट ही हॅड पेड यस्टरडे’ यात पैसे देणं कालचं. ‘दॅट’ काढून टाकलात की ‘काल’ कोणाच्या वाट्याचा ते कळत नाही.

कोयनाकाठ
मंडळी, तीन दिवस इथे येता आलं नाही, पण रोज वर्गात तुमचंच चाललं होतं. पहिल्या दिवशी खडूचा खेळ झाला, जरी-तरीचा. दुसऱ्या दिवशी मी इंग्रजी बाजूलाच ठेवली. नुसती मराठी वाक्यं म्हटली आणि आत ‘यावं’ आलं की टाळी वाजवायला सांगितलं. ‘बाबा म्हणतात की मी शिकावं.’ टाळी. ‘बाबा म्हणतात की मी शिकेन.’ टाळी नाही. अर्धा तास घर दणाणत होतं, शेजारच्या काकू काय झालं बघायला आल्या आणि बसूनच राहिल्या.

मग इंग्रजी केली. टाळीचं वाक्य असेल तर ‘दॅट’ म्हणायच्या आधी थांबायचं. ‘माय फादर वॉन्ट्स मी टू स्टडी.’ ‘माय फादर सेज दॅट आय विल स्टडी.’ अकरापैकी नऊजणींचं पहिल्या झटक्यात बरोबर आलं. रात्रपाळी, कोणीही गप्प बसलं नाही.

नर्सिंगच्या मुलीनं स्वतःहून एक वाक्य आणलं. पाळी बदलताना पुढच्या नर्सला रुग्णाची हकीकत सांगावी लागते. ती आधी सांगायची, ‘द पेशंट सेज दॅट आय ॲम फीलिंग गिडी’, आणि केरळची सिस्टर विचारायची, चक्कर कोणाला येतेय, तुला का? आता ती म्हणते, ‘ही सेज दॅट ही इज फीलिंग गिडी. डॉक्टर टोल्ड हिम टू लाय डाऊन.’ दोन वाक्यं, एकात ‘दॅट’, एकात ‘टू’. सांगताना तिचा चेहरा बघायला तुम्ही हवे होतात.

दुकानात हिशेब बघणारीनं मात्र मला अडवलंय. ती म्हणाली, “ताई, ‘आजी बरी व्हावी अशी आशा आहे’, यात ‘व्हावी’ आहे. टाळी वाजली. मग ‘आय होप ग्रॅनी टू बी वेल’ का नाही?” मी म्हटलं, उद्या सांगते. आता सांगा!

नदीपलीकडे
ताई, त्या मुलीला माझा नमस्कार सांगा. ‘होप’च्या मधे दुसरा माणूस आला की त्याला ‘टू’ चालतच नाही. स्वतःबद्दल असेल तर चालतो, ‘आय होप टू कम’, मी येईन अशी आशा आहे. दुसऱ्याबद्दल असेल तर ‘आय होप दॅट ग्रॅनी गेट्स वेल’. आणि मराठीतही ऐकून बघा, आशेला आपण बहुतेकदा ‘आजी बरी होईल अशी आशा आहे’ असं म्हणतो. ‘बरी व्हावी’ म्हटलं की जोडीला ‘इच्छा’ किंवा ‘प्रार्थना’ जास्त शोभते. तिला दोन्ही वाक्यं मोठ्यानं म्हणायला सांगा आणि कानाला कोणतं बसतं ते तिलाच विचारा.

कोयनाकाठ
विचारलं. ती म्हणाली, “आजी आजारी आहे ना ताई, म्हणून ‘व्हावी’च आलं तोंडात.” मग आम्ही वहीत ‘आय प्रे दॅट शी गेट्स वेल’ लिहिलं. उद्या ‘विश’ घेणार आहे, ‘ती इथे असती तर’ या वाक्यापासून. कोणाकडे चांगली उदाहरणं असतील तर आज रात्री टाका.

बेळगावकर
‘आई असती तर बरं झालं असतं.’ ‘आय विश मदर वेअर हिअर.’ हे घ्या पहिलं.